नजरेच्या कडेला

"हा दोर कुणी गुंडाळला?"

एर्वेनं डोलकाठीपाशी उभं राहून विचारलं तेव्हा ग्वेनोला खाली केबिनमध्ये कॉफी गाळत होती. तिचं उत्तर लगेच आलं नाही, आणि लगेच न येणाऱ्या उत्तरांवर एर्वेचा अलीकडे विश्वास बसेनासा झाला होता.

"कुठला दोर?"

"मोठ्या शिडाचा. इंग्रजी आठासारखे वेढे घातलेत. आपण कधी घालतो असे?"

"मीच गुंडाळला असेन. काल कपडे वाळत घालताना मध्ये मध्ये येत होता."

"असशील?"

"गुंडाळला, मीच गुंडाळला! झालं समाधान? खाली ये, कॉफी निवतेय."

तो खाली गेला नाही. दोरावरून हात फिरवत उभा राहिला. 'एनेझ' या त्यांच्या नौकेवरचे सगळे दोर गोल वेढ्यांनी, उजव्या हातानं गुंडाळले जात. ही त्याची पद्धत होती आणि लग्नाआधी फ्रान्समधल्या लोरियाँच्या धक्क्यावर त्यानंच ती तिला शिकवली होती. आठासारखे वेढे घालतात ती एकटी राहणारी माणसं. तसा गुंडाळलेला दोर सोडला की गाठ न पडता सरसर सुटतो, त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरं माणूस लागत नाही. आणि ताकाहिवा बेटाच्या या तळावर नांगरलेल्या नौकांमध्ये एकटा राहणारा माणूस एकच होता, 'पेत्रेल'वरचा आन्सेल्म. एर्वेच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

एर्वे ल बिहान हा गोदीतला वीजतंत्री आणि ग्वेनोला त्याच गावात सायकलवरून टपाल वाटणारी. पन्नाशी उलटल्यावर दोघांनी घर विकलं, ही शिडाची नौका घेतली, अटलांटिक ओलांडला, पनामा ओलांडला आणि पॅसिफिकमधल्या या बेटांत येऊन जे रमले ते रमलेच. मार्केसासहून तुआमोतू, तुआमोतूहून ताहिती, वादळांचे महिने आले की खाली गाम्बिये, आणि पुन्हा उलट. कुठे भाजलेल्या उरूवर, म्हणजे फणसासारख्या फळावर, दिवस काढायचे, कुठे लिंबू पिळलेल्या कच्च्या माशावर. नातेवाईक विचारत, असं किती दिवस भटकणार? एर्वे म्हणायचा, नांगर गंजेपर्यंत.

नांगर शाबूत होता. डोळे गंजले.

ताहितीतल्या पापीतच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत औषध घालून, बराच वेळ दिवा मारून सांगितलं होतं, की मधलं दिसणं जात चाललंय आणि ते जाणारच. कडेकडेचं राहील. नौका मात्र आता तुम्ही चालवू नका. तो बाहेर आला, बाजारातून मोठ्या काचांचा काळा चष्मा घेतला आणि ग्वेनोलाला म्हणाला, "ऊन बाधलंय म्हणाली, दुसरं काही नाही."

खरं सांगितलं असतं तर पुढचं सगळं त्याला पाठ होतं. नौका विकायची. फ्रान्सला परतून वान गावात ग्वेनोलाच्या बहिणीच्या शेजारी घर घ्यायचं. खिडकीत फुलझाडांच्या कुंड्या, आठवड्याचा बाजार, आणि संध्याकाळी मेव्हण्याशी पत्ते. ते त्याला नको होतं. म्हणून त्यानं ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं आणि महिनोन्महिने ते निभावलं. बेटांच्या आतल्या उथळ पाण्यात पोवळ्याचे खडक पाण्याच्या रंगावरून ओळखून नौका हाकावी लागते. ग्वेनोला पुढे नाळेवर उभी राहून हातानं डावं-उजवं दाखवायची आणि तो मागे सुकाणूवर असायचा. पूर्वी तो तिच्या खुणा पाहून न पाहिल्यासारखं करायचा, कारण खडक त्यालाच आधी दिसायचे. आता सगळी भिस्त तिच्या हातावर होती, आणि तिच्याकडे सरळ पाहिलं की तिच्या जागी धुरकट डाग यायचा. तिच्याकडे पाहायचं तर तिच्या शेजारच्या समुद्राकडे पाहावं लागायचं.

अशा डोळ्यांनी तो बायकोवर पाळत ठेवू लागला.

पाळत ठेवणाऱ्याला काहीतरी सापडतंच. ग्वेनोलाच्या तळहातांना घट्टे पडले होते. धुण्यानं असे घट्टे पडत नाहीत. तो गावातून ब्रेड घेऊन लवकर परतला की ती घामाघूम असायची आणि म्हणायची, "फरशा पुसत होते." एकदा धक्क्यावरून परतताना त्याला 'एनेझ'वर निळ्या शर्टातलं कुणीतरी दिसलं. त्यानं मुद्दाम मान वळवून कडेनं पाहिलं. निळं होतं आणि पुरुषासारखं चालत होतं. तो रबरी होडी वल्हवत पोहोचला तोवर निळं काही उरलं नव्हतं.

"कोण आलं होतं?"

"आन्सेल्म. साखर मागायला."

"पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा साखर? हलवायाचं दुकान काढतोय का तो?"

"मुरंबा करतोय म्हणाला."

"कशाचा?"

"मी कशाला विचारू? नारळाचा करत असेल!" ती म्हणाली आणि हसली. पूर्वी तिचं हसू त्याला चेहऱ्यावर दिसायचं. आता नुसतं ऐकू यायचं, आणि नुसत्या ऐकू येणाऱ्या हसण्याचा काय अर्थ लावायचा हे त्याला समजेना. तो रागावला. त्याहून जास्त घाबरला. बासष्टीचा अर्धा आंधळा माणूस आणि धट्टेकट्टे हातपाय असलेला, स्वतःची नौका असलेला, एकटा आन्सेल्म. ग्वेनोलानं हिशेब केला असेल तर तो चुकीचा आहे असं तरी कसं म्हणणार?

राहिलेली शंका रेडिओनं फेडली. नांगरवाड्यावर, म्हणजे नौकांच्या अशा तळावर, गुपित टिकत नाही ते या रेडिओमुळे. एका नौकेनं दुसरीला ठरलेल्या चॅनेलवर हाक मारायची आणि दोघींनी गप्पांना दुसऱ्या चॅनेलवर जायचं, अशी रीत आहे; आणि बाकीच्या सगळ्यांनी अळीमिळी गुपचिळी त्याच चॅनेलवर मागोमाग जाऊन कान लावायचा, हीही रीतच आहे. त्या दिवशी एर्वे धक्क्यावरच्या नळाखाली पाण्याचे कॅन भरत बसला होता. खिशातल्या छोट्या रेडिओची चकती तो सहज फिरवत गेला, आणि सहसा कुणी वापरत नाही अशा चॅनेलवर त्याला बायकोचा आवाज सापडला.

"शनिवारी मालाची बोट येतेय. तो भाजी आणायला उतरेलच."

"मग शनिवारच," आन्सेल्म म्हणाला. "दुपारी भरती-ओहोटीच्या मधे खिंडीतलं पाणी थांबेल. वाराही बरा आहे."

"मला भीती वाटतेय."

"वाटायलाच हवी. पण आता तयार आहेस तू."

"त्याला कळलं तर?"

"आधी कळलं तर तो जाऊ देईल का तुला?"

"छे!" ग्वेनोला म्हणाली, आणि पुन्हा तेच हसू.

कॅन भरून वाहू लागला तरी एर्वेला कळलं नाही. खिंड म्हणजे पोवळ्याच्या कड्यातली बाहेरच्या समुद्राकडे जाणारी एकुलती एक वाट. तो भाजी घ्यायला उतरणार, आणि हे दोघं त्याचीच नौका घेऊन खिंडीतून निघून जाणार. त्यानं सुतावरून स्वर्ग गाठला असं आता कुणीही म्हणेल. त्या घडीला मात्र त्याला सूत दिसत नव्हतं, तुटलेला दोरखंडच दिसत होता.

शनिवारी ग्वेनोलानं त्याच्या हातात टोपली दिली.

"घाई करू नकोस. दुकानात तेउराशी जरा गप्पा मार, तिला बरं वाटतं."

"तू नाही येत?"

"शिडाला दोन टाके घालायचेत."

"घाल, घाल," तो म्हणाला. "चपला खाली राहिल्या वाटतं माझ्या."

तो केबिनमध्ये उतरला. गुडघ्यांवर बसून त्यानं जमिनीची डावी फळी उचलली, आत हात घातला आणि डिझेलच्या टाकीची तोटी फिरवून बंद केली. त्याला डोळ्यांची गरजच पडली नाही. ही तोटी त्यानंच बसवलेली होती. नळीत उरलेल्या डिझेलवर इंजिन थोडा वेळ चालेल आणि मग तळाच्या ऐन मध्यावर, सगळ्या नौकांसमोर, बंद पडेल. नांगरवाड्यावर लोकांना तेवढीच करमणूक असते. कुणाचा नांगर धरत नाही, कुणाची बायको नवऱ्यावर ओरडते, हे पेले हातात घेऊन बघायचं. आज हे बघा म्हणावं. निघाले होते पळून, आणि बसले तरंगत! त्याला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. असलं सुख फार वाईट असतं हेही त्याला त्याच वेळी जाणवलं, पण तोटी त्यानं परत उघडली नाही.

ग्वेनोलानं त्याला रबरी होडीतून धक्क्यावर सोडलं आणि ती परत गेली. मालाची बोट आल्यामुळे तेउराच्या दुकानात अर्धं गाव लोटलं होतं. तेउरा ही दुकानाची मालकीण. अंगानं भरभक्कम आणि तोंडानं फटकळ.

"आज एकटाच? राणीसरकार कुठे?"

"शीड शिवतेय."

"शिवतेय?" तेउरा म्हणाली. मग घसा साफ करून, "हो, शिवत असेल. शिवू दे."

त्यानं टोमॅटो चाचपून टोपलीत टाकले. तेउरानं काहीही न बोलता त्यातले दोन काढून घेतले आणि दुसरे दोन घातले. एरवी ही बाई नासका माल गळ्यात मारून वर "ताजा आहे, बाळा" म्हणणारी. आजच एवढा कळवळा? म्हणजे हिलासुद्धा माहीत आहे. ज्याची बायको पळून चाललीय त्याच्या पदरात चांगले टोमॅटो टाकतेय. तो तिथून जो निघाला तो सरळ धक्क्याच्या टोकाला गेला.

साखळीचा आवाज त्यानं पहिल्या कडीला ओळखला. स्वतःच्या नांगराची साखळी वर येताना कशी वाजते हे कुणालाही ओळखता येतं. मग इंजिनाची धडधड. त्यानं टोपली खाली ठेवली, मान वळवली आणि नजरेच्या कडेला 'एनेझ' पकडली. मागे सुकाणूपाशी नारिंगी ठिपका होता, म्हणजे ग्वेनोला तरंगण्याचं जाकीट घालून होती. आणि डोलकाठीला टेकून दुसरं कुणीतरी उभं होतं. उंच, काळसर, सडपातळ.

तळावरच्या बाकी नौकांवरही माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती, सगळ्यांची तोंडं 'एनेझ'कडे. बघा, बघा, एर्वे मनात म्हणाला. आता गंमत आहे.

गंमत होईना. 'एनेझ' पहिल्या नौकेवरून गेली, दुसरीवरून गेली, नांगरवाड्याच्या मधोमध आली. इंजिन चालूच. दोन धडांची मोठी पांढरी नौका मागे पडली. तरी चालूच. आणि तेव्हा एर्वेला आठवलं, की गेल्या मोसमात त्यानं डिझेलचा जुना गाळणीडबा काढून दुप्पट मोठा बसवला होता. त्या डब्यात भरपूर डिझेल मावत होतं. इंजिन तळावर बंद पडणार नव्हतं. ते पार खिंडीच्या तोंडाशी गेल्यावर बंद पडणार होतं, जिथे दोन्ही हातांना पोवळ्याचे कडे आहेत.

शेजारून तंबाखूचा वास आला.

"बस की. उभा किती वेळ राहणार?"

तो आवाज आन्सेल्मचा होता.

"तू?" एर्वे गर्रकन वळला. "तू इथे कसा?"

"मग कुठे असणार?"

"नौकेवर कोण आहे?"

"ग्वेनोला."

"आणि?"

"आणि कुणी नाही. एकटीच आहे. सगळी मेहनत त्याचसाठी तर—"

"डोलकाठीपाशी उभं कोण आहे मग?"

आन्सेल्मनं तोंडातली विडी काढली. मग अगदी हळू म्हणाला, "ताडपत्री आहे ती, एर्वे. उन्हाची. गुंडाळून उभी बांधलीय."

एर्वेला स्वतःची लाज वाटायची होती, पण आत्ता लाजायला वेळ नव्हता.

"रेडिओ दे तुझा."

"आत्ता बोलू नकोस तिच्याशी. खिंड जवळ आली, तिचं लक्ष—"

"दे म्हणतो ना! डिझेल बंद केलंय मी!"

आन्सेल्मनं त्याच्याकडे पाहिलं आणि रेडिओ त्याच्या हातात ठेवला. "ती सगळ्यांच्या चॅनेलवर आहे. सगळा तळ ऐकेल."

"ऐकू दे." त्यानं बटण दाबलं. "एनेझ, एनेझ! ग्वेनोला, मी बोलतोय. डिझेलची तोटी बंद आहे. इंजिन आत्ता बंद पडेल. शीड चढव, लगेच!"

पाण्यावरून इंजिनाचा आवाज अडखळत आला, एकदा गुरगुरला आणि थांबला. मग रेडिओवर ग्वेनोला बोलली.

"शीड चढलेलंच आहे. तोटी बंद कशी झाली?"

"मी केली."

"चुकून?"

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि ती तिनंच पुढे केली होती. "नाही. मुद्दाम."

"बरं."

"नुसती तोटी उघडून भागायचं नाही, नळीत हवा गेली असेल. ती काढावी लागेल. दहाचा पाना घे, पंपावर वरच्या बाजूला—"

"वरच्या बाजूला स्क्रू आहे. गेल्या खेपेला तू खाली वाकला होतास तेव्हा बॅटरी धरून कोण उभं होतं? आता गप्प बस, एर्वे. मला काम आहे."

तो गप्प बसला. त्याला काही दिसत नव्हतं. नजरेच्या कडेला एक पांढरा तुकडा होता, तो कधी होता, कधी नव्हता. त्यानं आन्सेल्मचा दंड धरला.

"सांग ना मला. काय चाललंय सांग."

"वारा मागून आहे. सरळ चाललीय," आन्सेल्म सांगू लागला. "डावीकडे जास्त गेली... आता सावरलं. सुकाणू दोरानं बांधलं, पुढे गेली, शीड सैल केलं. परत आली. डावा खडक मागे पडला. उजवा... जरा थांब... उजवाही पडला. गेली बाहेर. बाहेर पडली रे."

एर्वे वळला तसा त्याचा पाय टोपलीला लागला. टोपली लवंडली, टोमॅटो धक्क्यावर घरंगळले. ते गोळा करायला तो हात फिरवू लागला तेव्हा आन्सेल्म आपण होऊन एकेक वेचून त्याच्या हातात देत गेला.

"माझ्या डोळ्यांचं तिला कधीपासून माहीत आहे?"

"ते तिला विचार. मला म्हणाली, एकटीनं सगळं करायला शिकव. बस्स."

"आणि तुम्हाला? बाकीच्यांना?"

आन्सेल्म घुटमळला. "तू रोज सकाळी पलीकडच्या जर्मनाला हात करतोस ना?"

"करतो. तोही करतो."

"तो जर्मन केव्हाच गेला. त्याच्या जागी आता ब्राझीलचं जोडपं आहे. पण ती दोघंही रोज हात करतात."

बाहेरून इंजिनाची धडधड परत ऐकू यायला बराच वेळ लागला. ती ऐकू आली तेव्हा एर्वेच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या कामाला डोळे अजून शाबूत आहेत असं त्याला वाटलं. भरतीचं पाणी आत वळू लागलं होतं, त्याच्यासोबत 'एनेझ' आत आली. ग्वेनोलानं नौकेचं तोंड वाऱ्याकडे केलं, स्वतःच पुढे जाऊन नांगर टाकला, स्वतःच मागे येऊन साखळी ताणली. कुठल्याही नौकेवरून कुणी टाळी वाजवली नाही. नांगरवाड्यावर नीट पडलेल्या नांगराची कुणी दखल घेत नाही, हाच त्याचा मान.

मग ती रबरी होडी घेऊन धक्क्याला आली. हात कोपरापर्यंत डिझेलनं काळे.

"मारायचं होतं मला?"

"नाही, नाही! मला वाटलं... तळावरच बंद पडेल. तुम्हा दोघांना तोंडावर पाडायचं होतं."

"दोघांना?" तिला समजायला क्षणभर लागला. तिनं आन्सेल्मकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "याच्याबरोबर? अरे, हा बूट घालून झोपतो!"

"खरंय ते," आन्सेल्म म्हणाला, आणि तिथे आपलं काही काम नाही हे ओळखून निघून गेला.

ती त्याला घेऊन नौकेवर परतली. हात धुतले, कपडे बदलले, टोमॅटो मोजल्यासारखे एकेक पुसून जाळीत ठेवले. मग त्याच्यासमोर येऊन बसली.

"माझ्याकडे बघ."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे पाहिलं.

"कितीतरी महिने तू असाच बघतोयस. आधी वाटलं, माझं तोंड बघवत नाही तुला. मग वाटलं, पापीतमध्ये कुणी भेटली. इस्पितळात म्हणून गेलास, काळा चष्मा लावून छैलछबिला होऊन आलास! तुझ्या शर्टांचे वास घेतलेत मी, एर्वे. या वयात."

"मग कळलं कधी?"

"इथे येताना. नाळेवर उभी राहून तुला जीभ काढून दाखवली. चांगली लांब. राग आला होता म्हणून. आणि तू मान हलवून म्हणालास, 'बरोबर आहे, असंच दाखवत राहा.'"

त्याला हसू आलं आणि ते मध्येच तुटलं. "तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. रोज वाटायचं, आज सांगेल. आज सांगितलंसही. रेडिओवरून. सगळ्या गावाला."

"मला वाटलं, तू नौका विकायला लावशील. वानला जाऊ म्हणशील. बहिणीकडे."

"मी म्हणेन?" तिचा आवाज चढला. "मला एकदा विचारलंस? ऊनपावसात सायकल मारून लोकांची पत्रं वाटली मी, ती काय त्या कुंड्यांना पाणी घालायला? ही नौका तुझ्या एकट्याची आहे का? मी काय म्हणेन ते तूच ठरवलंस, त्याला तूच घाबरलास, आणि खडकांमधून मला मात्र आंधळ्या हातानं हिंडवत राहिलास. मेलो असतो दोघं! तुझं आज डिझेल बंद करणं मी विसरेन कदाचित. हे नाही विसरणार."

"चुकलं माझं," तो म्हणाला. ती उठून वर गेली. पुढे पुष्कळ दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं त्याला माफ केलं असं म्हणवत नाही. पण रोज सकाळी कॉफीचा पेला ती त्याच्या हाताखाली, बोटांना लागेल असा ठेवू लागली.

वादळांचे महिने जवळ आले आणि गाम्बियेला निघायचा दिवस उजाडला. नांगर वर आला. एर्वे सवयीनं सुकाणूमागे जाऊन बसला होता. ग्वेनोला नाळेवरून मागे आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तो जरा वेळ बसून राहिला, मग उठला. उठल्यावर कुठे जायचं हे त्याला कळेना. इतक्या वर्षांत या नौकेवर आपण दुसरीकडे कुठे बसत होतो हे त्याला आठवेना. शेवटी तो केबिनच्या वरच्या पायरीवर बसला.

"खिंडीत शिरायच्या आधी कळवायला हवं," ती म्हणाली. समोरून कुणी येत असेल तर त्यानं थांबावं म्हणून सगळेच कळवतात. "तू बोल. माझे हात अडकलेत."

त्यानं रेडिओ तोंडाशी धरला. तळावरचा प्रत्येक कान आता इकडे असणार हे त्याला ठाऊक होतं. ब्राझीलवाले, आन्सेल्म, दुकानात तेउरासुद्धा.

"सगळ्या नौकांना. 'एनेझ' खिंडीतून बाहेर पडतेय. माणसं दोन." बटण त्यानं दाबूनच धरलं होतं. त्याचा श्वास सगळ्यांना ऐकू जात होता. "कप्तान, ग्वेनोला ल बिहान. आणि एक खलाशी."

त्यानं बटण सोडलं. ग्वेनोलानं सुकाणू थोडं डावीकडे घेतलं.

"पुढचं साखळीचं झाकण उघडं आहे," ती म्हणाली. "बाहेर लाटा असतील."

"लावतो," तो म्हणाला, आणि कठडा धरत धरत नाळेकडे निघाला.